पुढल्या दारी अडसर, मागल्या दारी राखण

राजापूरकडची आमची घरं जांभ्याच्या चिऱ्यांची. चिरेखाणीत काम करून आलेला माणूस हातपाय धुतो तेव्हा न्हाणीतलं पाणी लाल होतं, आणि त्याचा पांढरा गंजीफ्रॉक चार धुण्यांत तांबूस पडतो. हा रंग लोखंडाचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसानं खडकातलं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्यांचा हा जांभा. त्याच मातीत भात लावणाऱ्या माझ्या काकीला मात्र लोहाच्या गोळ्या चालू आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्यांतलीच ती एक.

शरीरात लोखंड असतं जेमतेम ३ ते ४ ग्रॅम, एका लहान खिळ्याएवढं. कमी पडलं तर हिमोग्लोबिन बनत नाही. मोकळं सुटलं तर तेही वाईट, कारण त्यातून तयार होणारी आक्रमक रसायनं डीएनएलाच इजा करतात. म्हणून पेशी जास्तीचं लोखंड फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात भरून ठेवते. एका गोळ्यात सुमारे ४,५०० अणू मावतात. अशा कणग्या किती बांधायच्या, हे कोण ठरवतं?

शाळेत आपण शिकलो की डीएनएवरून आरएनएची चिठ्ठी उतरवली जाते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन बांधतो. पण आरएनए पेशीत एकटा कधीच नसतो. त्याला धरणारी प्रथिनं जन्मापासून त्याच्या अंगावर असतात. ती त्याला कापतात, जोडतात, हव्या जागी नेतात, थोपवतात, जपतात. माणसात अशी सुमारे दीड हजार प्रथिनं आहेत. चिठ्ठीत काय लिहिलंय याइतकंच तिच्यावर कोण बसलंय याला महत्त्व आहे, आणि हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लोखंडाचा कारभार आयआरपी-१ या प्रथिनाकडे आहे. फेरिटिनच्या चिठ्ठीच्या सुरुवातीला सुमारे तीस अक्षरांचा भाग स्वतःवरच दुमडून केसातल्या आकड्यासारखा उभा असतो. लोखंड कमी असलं की आयआरपी-१ तो आकडा घट्ट धरतं. रायबोसोमला शिरायला वाट उरत नाही. साठवायलाच काही नाही, तर कणग्या हव्यात कशाला! रक्तातलं लोखंड पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या चिठ्ठीवरही असेच आकडे आहेत, पण शेपटाला. तिथे तेच आयआरपी बसलं की चिठ्ठी कापणाऱ्यांपासून वाचते, जास्त टिकते आणि लोखंड ओढणारं प्रथिन वाढतं. प्रथिन एकच, पुढल्या दारी तो अडसर, मागल्या दारी तो राखणदार.

लोखंड पुरेसं झालं की गंधकासोबत त्याचे चार अणू आयआरपी-१ च्या खाचेत येऊन बसतात. आता आरएनए धरायला जागाच नाही. मग ते रिकामं राहत नाही, सायट्रेटवर काम करणारं साधं विकर बनतं. त्याचा भाऊ आयआरपी-२ याला मात्र लोखंड वाढलं की पेशी मोडून टाकते.

आकड्यातलं एखादं अक्षर बदललं तर काय होतं, ते १९९५ मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या काही कुटुंबांत दिसलं. आयआरपीची पकड सुटते, फेरिटिन बेसुमार बनतं, डोळ्याच्या भिंगात साचतं आणि तरुणपणीच मोतीबिंदू होतो. रक्ततपासणीत फेरिटिन भरमसाट दिसतं, पण लोखंड वाढलेलं नसतं. ते न ओळखता लोखंड उतरवण्यासाठी रक्त काढत राहिलं, तर धडधाकट माणसाला रक्तक्षय होतो.

इतर आरएनएधारी प्रथिनांचे आजार याहून कठोर आहेत. टीडीपी-४३ एरवी केंद्रकात असतं. एएलएस या आजारात बहुतेक रुग्णांच्या चेतापेशींत ते बाहेर येऊन गुठळ्या करतं आणि हातापायांचं बळ जातं. हे २००६ मध्ये कळलं. पण याच ज्ञानातून औषधही निघालं आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या बाळांना २०१६ पासून मिळणारं न्युसिनर्सन आरएनएवरची एक जागा झाकतं. तिथे बसून कामाचा तुकडा गाळायला लावणाऱ्या प्रथिनाला मग बसता येत नाही, आणि बाळाला हवं ते प्रथिन पूर्ण लांबीचं बनू लागतं.

काकी गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची. "काकी, चहाबरोबर नको गं घेऊ, चहा लोह धरून ठेवतो," असं मी तिला सांगितलं. आता ती लिंबाच्या पाण्याबरोबर घेते. गोळीतल्या लोखंडाचे काही अणू रक्तातून तिच्या पेशींत पोचतील, गंधकासोबत त्या खाचेत बसतील, आणि आयआरपी फेरिटिनच्या चिठ्ठीवरून उठेल.