तंबोऱ्याची तार आणि ध्वनीचे शास्त्र

खुंटी पिळली की स्वर चढतो, हे तंबोरा जुळवणाऱ्याच्या हाताला ठाऊकच असते. त्याला गणिती नियमाचे रूप दिले मरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने, 1636 साली. तारेची लांबी निम्मी केली की कंपनांची वारंवारता दुप्पट होते. लांबी तीच ठेवून ताण चौपट केला तरी दुप्पटच. त्याच शतकात आपल्याकडे अहोबल पंडिताने वीणेच्या तारेवरच्या स्वरांच्या जागा लांबीच्या मापाने लिहून ठेवल्या.

स्वर आकड्यांत मांडण्याच्या या खटपटीत पुण्याचाही वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे 22 श्रुतींवरचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचे, इंग्रजी पुस्तक 1910 साली इथेच छापले गेले. देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांच्या या श्रुतिसंशोधनाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची जोड मिळाली. खाँसाहेबांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले; ज्यांच्या नावाने 1953 पासून इथला महोत्सव भरतो ते सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. देवलांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. तरी ग्रंथातली श्रुती गवयाच्या गळ्याशी ताडून पाहावी, ही त्यांची ओढ मला फार मोलाची वाटते.

मर्सेनचा नियम मूळ स्वराची वारंवारता सांगतो. पण तार एकाच वेळी अख्खीही हलते आणि दोन, तीन, चार भागांतही. त्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरांश निघतात. इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1800 च्या सुमारास दाखवले, की तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो उमटत नाही. म्हणजे बरोबर मधोमध छेडलेल्या तारेतून सम स्वरांश गायब व्हायला हवेत.

तंबोरा हे मानत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये याचा उलगडा केला. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद आणि किंचित गोलाकार असते. कंप पावणारी तार तिच्या पृष्ठावर टेकत-सुटत राहते, तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला जवारीचा धागा हा स्पर्श नेमका साधतो, आणि त्यातून वरचे स्वरांश पुन्हा जागे होतात. खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार (ग) हा तिचा पाचवा स्वरांश. जवारी नीट लागली की तोच ठळक होतो.