उन्हाळ्यात किनाऱ्यावर संशोधन: आरईयूचा अर्ज कुणाला भरता येतो, कसा भरायचा

डिसेंबर उजाडला की आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतोच. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, समुद्रजीवांचं वेड आहे, उन्हाळ्यात प्रत्यक्ष किनाऱ्यावर काम करायला मिळेल असं काही आहे का? आहे. फी तर नाहीच, उलट विद्यावेतन मिळतं. पण मी आधी गुण विचारत नाही, व्हिसा विचारते.

आरईयू, म्हणजे ‘रिसर्च एक्सपीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स’, हा अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा १९८७ पासूनचा कार्यक्रम. पैसे फाउंडेशनचे, निवड मात्र त्या त्या केंद्राची. अलाबामातली डॉफिन आयलंड सी लॅब, व्हर्जिनियाची सागरी विज्ञान संस्था (व्हिम्स), ओरेगॉनच्या चार्ल्स्टनमधली सागरी जीवशास्त्र संस्था ही किनाऱ्यावरची ओळखीची नावं. मे अखेरीपासून आठ ते दहा आठवडे तिथेच राहायचं.

काम खरोखरच चिखलातलं असतं. जॉर्जियाच्या सपेलो बेटाभोवती मैलोन्‌मैल खाजण पसरलंय, त्यात स्पार्टिना नावाचं खारं गवत. ओहोटी पहाटे पाचला असेल तर दिवस पाचला सुरू. चौकट टाकायची, तिच्यातल्या गवताच्या काड्या मोजायच्या, खेकड्यांची बिळं मोजायची, चिखलाचा नमुना घ्यायचा आणि भरती चढायच्या आत बाहेर पडायचं. दुपारी प्रयोगशाळा. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या प्रश्नावर पोस्टर मांडायचं. आजोळी खाडीत उतरून तिसऱ्या (शिंपल्या) काढलेल्या मुलांना यातलं निम्मं अंगवळणी असतं, हे माझं मत.

आता पात्रता. फाउंडेशनच्या पैशातून विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर वाढलेल्या, बालवाडीपासून इथेच शिकलेल्या मुलांची इथेच अडचण होते. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं उभे आहोत, हे चालत नाही. कार्ड हातात हवं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून आलेल्यांनाही हाच नियम.

दुसरी अट, विद्यार्थी पदवीपूर्व हवा. मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडणारा सहसा बसत नाही. कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांची) मुलं मात्र बसतात, आणि त्यांनी जरूर अर्ज करावा. ज्या कॉलेजांत संशोधनाची सोय तोकडी आहे तिथल्या मुलांना संधी देणं हा कार्यक्रमाच्या हेतूचाच भाग आहे. मोठ्या विद्यापीठातलीच मुलं घेतात, हा आपल्याकडचा समज काढून टाका.

व्हिसामुळे अडलेल्यांसाठी वाट आहे, पण ती फी भरून. वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन हुआन बेटावरची फ्रायडे हार्बर प्रयोगशाळा १९०४ पासून आहे. मेन राज्यातल्या ॲपलडोर बेटावरची शोल्स मरीन लॅब कॉर्नेल आणि न्यू हॅम्पशायर विद्यापीठ मिळून चालवतात. दोन्हीकडे उन्हाळ्यात क्रेडिटचे अभ्यासक्रम असतात. हे शिक्षण आहे, नोकरी नाही, आणि एच-४ वर शिकायला मुभा आहे. एफ-१ वर कॉलेजबाहेर पगारी इंटर्नशिप मिळालीच, तर सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची मंजुरी कामाच्या पहिल्या दिवसाआधी हवी. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा, मग होकार द्या.

सगळ्यांना मिळून एकच अर्ज नसतो. काही केंद्रं फाउंडेशनच्या ईटॅप पोर्टलवर अर्ज घेतात, काही स्वतःच्या संकेतस्थळावर. मुदती बहुतेक जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आधी एक गोष्ट बघा: त्या केंद्राने यंदाचं वर्ष जाहीर केलंय का? २०२५ मध्ये निधीअभावी काही ठिकाणचे कार्यक्रम रद्द झाले, जुनी पानं मात्र तशीच राहतात.

कागदपत्रं थोडीच: गुणपत्रक (बहुतेक ठिकाणी अनधिकृत चालतं), रेझ्युमे, निवेदन, आणि सहसा दोन शिफारसपत्रं. नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा साधारणपणे निवड झाल्यावर मागतात.

अर्ज अडतो तो शिफारसपत्रावर. तीनशे मुलांच्या वर्गात ए मिळाला म्हणून प्राध्यापक ओळखतात असं नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुमची चूक झाली आणि तुम्ही ती पुन्हा करून दाखवली, असे शिक्षक गाठा. डिसेंबरच्या सुट्टीआधी विचारा, सोबत रेझ्युमे आणि मुदतींची यादी द्या, आणि जानेवारीत एकदा नम्रपणे आठवण करा. आपल्या मुलांना आठवण करायचा संकोच वाटतो. पत्र न आल्याने अर्ज अपुरा राहतो.

निवेदनात ‘मला लहानपणापासून समुद्र आवडतो’ हे वाक्य नको. ते सगळेच लिहितात. केंद्रातल्या दोन-तीन संशोधकांचं काम वाचा आणि कुणाबरोबर, कुठल्या प्रश्नावर काम करायचंय ते लिहा. आकडेवारीचं सॉफ्टवेअर येत असेल तर सांगा. पोहता येत नसेल तर तेही सांगा, खाजणातल्या कामाला बहुधा अडत नाही. पण बोटीवर जायचं असेल तर पोहण्याची चाचणी घेणारी केंद्रं आहेत.

निकाल मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि उत्तर द्यायला थोडेच दिवस देतात. विद्यावेतन आठवड्याला साधारण ६०० ते ७०० डॉलर; राहण्याची सोय आणि प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी वेगळा. या रकमेवर कर लागू होतो आणि पुष्कळदा तो आधी कापलेला नसतो, म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवा. आणि बूट जुनेच न्या, घट्ट नाडीचे. सैल बूट चिखल ठेवून घेतो.