मन्सूरचा लाल ट्युलिप आणि मोगल फुलचित्रं

1620 च्या वसंतात जहांगीर काश्मीरात होता. इथली फुलं मोजण्यापलीकडची आहेत, असं त्याने आपल्या आठवणींत लिहिलं आणि उस्ताद मन्सूरने रंगवलेल्या फुलांची संख्या शंभराच्या वर गेल्याचीही नोंद केली. या मन्सूरला त्याने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘आपल्या काळातला अद्वितीय’, असा किताब दिला होता. शंभरातली बहुतेक चित्रं आज हाती नाहीत. त्याच्या सहीचा एक लाल ट्युलिप तेवढा अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मागे ना बाग, ना कारंजं, ना कोणी शहजादा. नुसतं झाड, त्याची लांब पानं, लाल फुलं आणि सोबतीला फुलपाखरू. काश्मिरी लोक घराच्या मातीच्या छपरावर ट्युलिपचे कंद लावतात आणि वसंतात छपरं फुलतात, हेही बादशहाने आवर्जून टिपलं आहे.

फुलांचं वेड घराण्यातच होतं. बाबराने काबूलच्या परिसरातल्या ट्युलिपची मोजदाद करवली, तेव्हा बत्तीस-तेहतीस जाती निघाल्या. हिंदुस्थानाला नावं ठेवताना त्याने हात आखडता घेतला नाही, पण जास्वंद आणि कण्हेर त्याला आवडली. जास्वंद एका दिवसात कोमेजते, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पुढे अकबराच्या काळात ‘बाबरनामा’ फारसीत आला, त्याच्या सचित्र प्रती निघाल्या आणि प्राणी-वनस्पतींची वर्णनं चितारायचं काम चित्रशाळेवर येऊन पडलं. अशाच एका प्रतीसाठी तरुण मन्सूरने प्राणी रंगवले आहेत.

तरीही कोऱ्या कागदावर एकच झाड उभं करण्याची रीत इराणी परंपरेतून सरळ आलेली नाही. तिथे फुलं असायची ती बहुधा प्रसंगाची शोभा म्हणून. ही मांडणी युरोपातल्या वनस्पतिग्रंथांची. 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला नजर केलेल्या बायबलमध्ये तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं होती. त्यानंतर छापील चित्रांचा ओघ चालू राहिला. कोलार्ट, व्हाले अशा युरोपी चित्रकारांच्या फुलांच्या छापील संग्रहांशी मोगल चित्रांचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. एकाच देठावर कळी, उमललेलं फूल आणि कोमेजत चाललेलं फूल दाखवायचं, ही त्या ग्रंथांची ओळखीची खूण. मोगल चित्रकारांनी ती उचलली; रंग मात्र आपले ठेवले, हिंगुळाचा लाल आणि लाजवर्दाचा निळा. खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकेक पाकळी भरायची, मग कागद उलटा घालून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा.

शाहजहानच्या काळात फुलांचा सुकाळ झाला आणि, माझ्या मते, निरीक्षण मागे पडलं. त्याचा थोरला मुलगा दारा शुकोह याने पत्नी नादिरा बानू हिला दिलेला चित्रसंग्रह सध्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली काही फुलं ओळखू येतात, काही चित्रकाराने मनानेच जुळवलेली. दाराच्या पाडावानंतर त्यातल्या अर्पणलेखावर कोणीतरी सोनेरी रंग फासला. फुलांना कोणी हात लावला नाही.

ताजमहालाच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यावर कोरलेल्या रोपांचंही तेच. लिली वाटते, आयरिस वाटते, पण वनस्पतिशास्त्रज्ञ नाव घेताना चाचरतो. सगळी रोपं एका मापाची, ताठ, दोन्ही बाजूंना सारखी झुकलेली. मन्सूरच्या पानाला असलेला स्वतःचा वाक तिथे शोधून सापडत नाही. एव्हाना हीच रोपं चित्रसंग्रहांच्या हाशियांवर, कमरेच्या पटक्यांच्या पदरांवर, गालिच्यांवर आणि खंजिरांच्या जेडच्या मुठींवर पसरली होती, आणि शेकड्यांनी काढायची तर साचा लागणारच.

महाराष्ट्रात ही फुलं पाहायची तर औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बिबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर 1660 च्या सुमाराची. संगमरवर भिंतींच्या खालच्या भागाला आणि घुमटाला वापरला; मधलं बांधकाम गिलाव्याचं. त्यामुळे इथली बरीचशी फुलवेल रत्नांच्या जडावाची नाही, चुन्यात उठवलेली आहे. ताजची स्वस्त नक्कल म्हणून लोक तिच्याकडे पाठ फिरवतात. प्रवेशद्वाराच्या लाकडी दारांवरचे पितळी पत्रे तरी थांबून पाहावेत; त्यांवर ठोकून उठवलेली फुलांची नक्षी नक्कल मुळीच वाटत नाही.