प्रत्याघाताची दचक (रायफल नेमबाजी)

रायफलचा बार उडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची मनात बसलेली धास्ती, आणि त्या धास्तीपोटी बार उडण्याआधीच अंगाने घेतलेला आखडता पवित्रा. नेमबाज याला ‘फ्लिंच’ म्हणतात. डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, बोट चाप अलगद दाबण्याऐवजी हिसकते आणि गोळी बहुधा नेमाच्या खाली लागते.

गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच रायफलला मागे मिळतो. ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८५० मीटर वेगाने सुटली, तर ४ किलोच्या रायफलच्या वाट्याला साधारण १७ जूल ऊर्जा येते. तेच काडतूस ३ किलोच्या रायफलमधून झाडले, तर ती २२ जूलच्या आसपास जाते. म्हणून खांद्यावर वागवायला सोयीची हलकी रायफल झाडताना जास्त बोचते. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची लहान गोळीच्या, रायफलमध्ये हा आकडा एक जूलही भरत नाही.

दारू पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो. आवाजाने दचकून पापणी मिटायला मात्र ३० ते ५०. म्हणजे धक्क्याने दचकेपर्यंत ती गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम बिघडवते ती धक्क्याची वाट पाहणे. आधीच्या बारांनी शरीराला शिकवलेला हा धडा आहे. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. हिणवल्याने दचक वाढतेच.

अनेकदा खरा गुन्हेगार आवाज असतो. रायफलचा बार १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० डेसिबलपासूनच कानाला कायमची इजा होऊ शकते. कानात बोळे आणि वर इअरमफ असे दोन्ही वापरले, की काहींना धक्काही सौम्य वाटू लागतो. नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज बाजूला व मागे फेकतो. दचकणाऱ्या नवशिक्याला तो सहसा मानवत नाही.

निदानासाठी साथीदार मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसे मिसळतो. कोणते कधी येणार हे नेमबाजाला ठाऊक नसते. डमीवर चाप दाबला की नुसते ‘खट्’ होते आणि त्या शांततेत नळीचे टोक खाली डुबकी मारताना स्वच्छ दिसते. स्वतःच्या डोळ्यांनी हे पाहणे कुठल्याही उपदेशाहून मोलाचे आहे.

उपाय सावकाशीचा आहे. दस्त्याची लांबी अंगाला बेतलेली हवी, त्याच्या टोकाला रबरी पॅड असावा, आणि दस्ता गळपट्टीच्या हाडावर न टेकता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवावा. सैल धरलेली रायफल वेग घेऊन आदळते. टेबलावर टेकून झाडताना अंगाला मागे झुलायला वाव नसतो, त्यामुळे तोच धक्का जड वाटतो. मोठ्या काडतुसांची सवय उभ्याने करणे सुसह्य. रायफलवर नेमासाठी टेलिस्कोप असेल, तर डोळा भिंगापासून पुरेसा दूर हवा. धक्क्याने तो आदळून एकदा भुवई फुटली, की महिन्यांची मेहनत वाया जाते.

सरावाचा मोठा भाग रिकाम्या रायफलवर आणि पॉइंट टू-टूवर करावा. मोठ्या काडतुसांचे मोजकेच बार, तेही खांदा दुखू लागण्याआधी थांबवून. दुखऱ्या खांद्याने केलेला सराव दचकच पक्की करतो. मुरलेल्या नेमबाजांतही ती अधूनमधून परतते. तेव्हा तेही काही दिवस मोठी रायफल बाजूला ठेवून पुन्हा पॉइंट टू-टू हाती घेतात.