दंतपुनर्रचना

किडलेल्या, तुटलेल्या, झिजलेल्या किंवा रंग बदललेल्या दाताचा आकार, चावण्याची क्षमता आणि रूप पूर्ववत करणाऱ्या उपचारांना दंतपुनर्रचना म्हणतात. दंतवल्क, म्हणजे दाताचे बाहेरचे आवरण, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी त्यात जिवंत पेशी नसल्याने गेलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. त्यामुळे नैसर्गिक दात कमीत कमी कोरावा लागेल, तो उपाय आधी विचारात घेणे श्रेयस्कर ठरते.

रंग बदललेल्या दाताबाबत डाग वरचा आहे की आतला, हे प्रथम ठरवावे लागते. कोकणात तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मशेरी बोटाने दातांवर घासण्याची सवय, विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये, आजही आढळते. पान-सुपारीही घरोघरी असते. यांचे तपकिरी-काळे किटण बहुतांशी दाताच्या पृष्ठभागावर बसते आणि यंत्राने दात साफ करून घासून गुळगुळीत केल्यास निघते. त्यासाठी दातावर कॅप, म्हणजे दात कोरून त्यावर चढवलेले पूर्ण आवरण, बसवणे हे चांगल्या दाताचे नुकसानच होय. तंबाखू व सुपारी या दोन्हींमुळे मुखकर्करोग होत असल्याने डाग काढण्यापूर्वी गालांची आतली बाजू, जीभ आणि हिरड्या तपासणे अत्यावश्यक आहे. मशेरी सुटली नाही, तर डाग परत येतात आणि धोकाही तसाच राहतो.

पाण्यातील जादा फ्लोराइड, बालपणी घेतलेले टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक किंवा मार लागून दाताची नस मरणे, यांमुळे आलेला रंग मात्र दाताच्या आत असतो. अशा वेळी पेरॉक्साइडयुक्त द्रव्याने दात उजळवता येतात. नस मेलेल्या दातात रूट कॅनल उपचारानंतर (आतली नस काढून पोकळी साफ करून भरल्यावर) हे द्रव्य आतूनही ठेवतात. उजळवण्याने जुन्या भरणीचा वा कॅपचा रंग बदलत नाही, त्यामुळे दात आधी उजळवून भरणी नंतर करतात. एवढ्याने भागले नाही, तर दर्शनी बाजूवर चिनी मातीचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवतात.

किडीची पोकळी भरण्यासाठी पूर्वी ‘चांदी’, म्हणजे चांदी व इतर धातूंचे पाऱ्यातील मिश्रण, भरत. या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याविषयीच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर त्याचा वापर कमी करण्याकडे कल आहे. आता दाताच्या रंगाचे कंपोझिट, म्हणजे राळ व बारीक कणांचे मिश्रण, अधिक वापरले जाते. 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्क किंचित खरखरीत करून त्यावर राळ घट्ट चिकटवता येते हे दाखवले, आणि भरणी अडकवण्यासाठी चांगला दात कोरण्याची गरज बरीच कमी झाली. कंपोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. त्याचा रंग दात ओला असतानाच निवडावा लागतो, कारण कोरडा पडलेला दात मूळ रंगापेक्षा पांढरट दिसतो आणि भरणी नंतर वेगळी उठून दिसते.

वर्षानुवर्षे जोराने घासून हिरडीलगत पडलेल्या पाचरीच्या आकाराच्या खाचा ग्लास आयोनोमर सिमेंटनेही भरतात. ते दाताला रासायनिक रीत्या चिकटते व फ्लोराइड सोडते, पण चावण्याच्या जोराखाली कंपोझिटपेक्षा लवकर झिजते.

दाढेच्या भिंती कमकुवत झाल्या असतील किंवा रूट कॅनलनंतर दाढ तडकण्याची भीती असेल, तर कॅप योग्य ठरते. धातूची, धातूवर चिनी माती चढवलेली आणि झिर्कोनिया या पांढऱ्या, कणखर पदार्थाची असे तिचे प्रमुख प्रकार आहेत. धातूच्या कॅपसाठी दात कमी कोरावा लागतो, म्हणून न दिसणाऱ्या मागच्या दाढेला ती आजही उत्तम आहे. एखादा कोपराच गेला असेल, तर तेवढाच भाग झाकणारी ऑनले पुरते, आणि ती शक्य असताना पूर्ण कॅपचा आग्रह धरू नये.

कोकणात खेड आणि नवी मुंबई येथील दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतात. तेथे वेळ अधिक लागतो, मात्र खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.