दशांशचिन्हानंतरचा पुरावा

नदीच्या पाण्याची तपासणी म्हणजे बहुतेक वेळा हजेरी घेणं. यादीत नावं असतात: शिसं, पारा, क्रोमियम, फिनॉल, अमुक कीटकनाशक. ज्याचं नाव पुकारलं तोच ‘हजर’ म्हणणार. सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) चाचणीतून पाण्यात एकूण मळ किती याचा अंदाज येतो. तो कुणी सोडला हे कळत नाही. मग कारखान्यातून यादीत नसलेलंच रसायन येत असेल तर?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत असंच झालं. फेएटव्हिलजवळ तिच्या काठी ड्युपाँटचा (आता केमोर्सचा) फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना आहे. पुढे विल्मिंग्टन शहर हेच पाणी पितं. ‘ईपीए’ या सरकारी पर्यावरण संस्थेतले मार्क स्ट्रायनार आणि अँड्र्यू लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ मध्ये कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं पाणी नेलं आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रात, घातलं. नाव न पुकारता, जे असेल ते सगळंच तोलायचं.

हा काटा किराणा दुकानातला नव्हे, सोनाराचा. कार्बनचं वजन बरोबर १२ धरलं, तर हायड्रोजन १.००७८ भरतो, एकाहून किंचित जास्त. फ्लोरिन भरतो १८.९९८४, एकोणिसाहून किंचित कमी. पालापाचोळ्यातून पाण्यात उतरलेल्या रेणूंत हायड्रोजन भरपूर, त्यामुळे त्यांचं वजन पूर्णांकाच्या थोडं वर जातं. फ्लोरिनने ठासून भरलेला रेणू मात्र पूर्णांकाच्या खाली उतरतो. याच कारखान्यातून आलेल्या, जेनएक्स या नावाने पुढे गाजलेल्या फ्लोरिनयुक्त आम्लाचं वजन आहे ३२९.९७५. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत सुंदर वाटतं: चोर सापडला तो दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवरून.

अर्थात वजनावरून फक्त संशय घेता येतो. मग रेणू फोडून त्याचे तुकडे तोलायचे, रचना जुळवायची आणि शक्य तिथे शुद्ध नमुन्याशी ताडून पाहायचं. २०१५ च्या शोधनिबंधात अशी बारा नवी संयुगं होती.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातले डेटलेफ क्नापे यांच्या गटाने मग नदीतून पिण्यासाठी उचललेल्या पाण्यातलं जेनएक्स मोजलं: लिटरमागे सरासरी ६३१ नॅनोग्रॅम. नेहमीच्या शुद्धीकरणाने ते निघत नव्हतं. हा निबंध २०१६ चा. विल्मिंग्टनकरांना मात्र ही गोष्ट कळली जून २०१७ मध्ये, स्थानिक वर्तमानपत्रातून.