दूधभातावरचं मांजर आणि त्याचं हृदय

श्रावण लागला की मोबाइलवर एक ठराविक व्हिडिओ फिरू लागतो. ताटलीत दूधभात नाहीतर दहीभात, आणि घरचं मांजर शेवटचं शीतसुद्धा चाटूनपुसून खातंय. खाली कौतुकाचा पाऊस: मुक्या जनावरालाही श्रावण कळतो बघा. मांजराला श्रावण कळत नाही. त्याला भूक कळते आणि सायीची चव कळते. दूधभाताने त्याचं पोट भरतं. हृदय मात्र उपाशी राहतं, आणि तेही एका अगदी लहानशा रेणूसाठी. त्याचं नाव टॉरीन.

‘मांजराला प्रथिनं हवीत’ एवढं बहुतेकांना माहीत असतं. म्हणून मासे नाहीत तेव्हा दूध, पनीर, डाळीचं पाणी असा हिशेब घातला जातो. हिशेब चुकतो तो इथेच, कारण टॉरीन प्रथिनात नसतंच. ते अमिनो आम्लांच्या गोतावळ्यातलं, गंधक असलेलं. पण प्रथिनाच्या साखळीत गुंफलं जायला रेणूच्या टोकाला जो कार्बॉक्सिल गट लागतो, त्याच्या जागी टॉरीनकडे सल्फोनिक गट असतो. त्यामुळे ते कुठल्याच साखळीत बसत नाही, पेशीतल्या पाण्यात मोकळं तरंगत राहतं. हृदयाच्या स्नायूत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात त्याचा साठा सर्वांत दाट. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमची ये-जा आणि पाण्याचा तोल सांभाळायला ते लागतं, आणि हृदयाचं आकुंचन म्हणजे शेवटी कॅल्शियमचीच ये-जा.

माणूस, कुत्रा, उंदीर हे सगळे मेथिओनिन आणि सिस्टिन या अमिनो आम्लांपासून यकृतात टॉरीन बनवतात. मांजराकडेही ती यंत्रणा आहे, पण तिच्यातली दोन विकरं (एन्झाइम) इतकी मंद चालतात की सिस्टिन दुसऱ्याच वाटेने जाऊन ऊर्जेसाठी जळून जातं. पिढ्यान्‌पिढ्या उंदीर, पाखरं, पाली खाल्लेल्या प्राण्याला टॉरीन आयतंच मिळत होतं. ते बनवायची गरज पडली नाही.

कमी बनतं, हे अर्धंच दुखणं. उरलेलं अर्धं पित्तात आहे, आणि ते समजलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. अन्नातली चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. ती आतड्यात सोडण्याआधी प्रत्येक रेणूला एक शेपूट जोडावं लागतं, म्हणजे तो पाण्यात नीट मिसळतो. माणसाचं यकृत या शेपटासाठी ग्लायसिन किंवा टॉरीन, जे हाताशी असेल ते वापरतं, आणि बहुतेक वेळा ग्लायसिनच. मांजराचं यकृत फक्त टॉरीन जोडतं. टॉरीन संपत आलं तरी ते ग्लायसिनकडे वळत नाही. हृदयातला साठा उतरणीला लागला तरी पित्ताची मागणी चालूच.

आतड्यात काम झाल्यावर पित्ताम्लं वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात, रक्तावाटे यकृताकडे परततात आणि पुन्हा पित्तात येतात. हे चक्र दिवसातून कित्येकदा फिरतं. पण वाटेत आतड्यातले जिवाणू असतात. ते पित्ताम्लाचं शेपूट तोडतात आणि सुटलेलं टॉरीन स्वतःच फस्त करतात. म्हणजे प्रत्येक फेरीला थोडी गळती ठरलेली. ही गळती किती, ते जिवाणूंच्या संख्येवर ठरतं, आणि जिवाणूंची संख्या न पचलेल्या अन्नावर. डबाबंद खाद्य बनवताना खूप उष्णता दिली जाते, तेव्हा काही प्रथिनं अशी आवळली जातात की मांजराला ती पचत नाहीत. ती पुढे सरकतात आणि जिवाणूंची चंगळ होते. म्हणूनच अमेरिकेतल्या खाद्यमानकांत मांजराच्या कोरड्या दाणेदार खाद्यात टॉरीन किमान ०.१ टक्के, तर डबाबंद खाद्यात किमान ०.२ टक्के लागतं (दोन्ही आकडे खाद्यातलं पाणी वगळून). कच्चा माल तोच, शिजवण्याची रीत वेगळी, आणि गरज थेट दुप्पट.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९७५ साली ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध आला. केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, हाच मुख्य आहार असलेल्या मांजरांचं दृष्टिपटल झिजत होतं आणि त्याचं कारण टॉरीनचा अभाव होतं. दूधभातवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेतल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात हृदयाची गोष्ट मांडली. तोवर मांजरांमधला ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’ हा आजार, ज्यात हृदयाचा डावा खालचा कप्पा फुगतो, भिंत पातळ होते आणि पिळून रक्त बाहेर टाकायची ताकद जाते, असाध्य आणि अनाकलनीय समजला जाई. बाजारातलं चांगलं म्हणवणारं खाद्य खाणाऱ्या अशा २१ मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी सापडलं. तोंडावाटे टॉरीन दिल्यावर त्यांची हृदयं पुन्हा नीट आकुंचन पावू लागली. कंपन्यांनी खाद्यातलं प्रमाण वाढवलं आणि हा आजार पशुवैद्यांना क्वचित दिसू लागला. हृदयाचा स्नायू निकामी होण्याचे आजार असे पूर्ण उलटवता येणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

त्याच अभ्यासात चार वर्षं जेमतेम टॉरीन असलेला आहार घेतलेली ११ मांजरं होती. त्यांतल्या दोघांचंच हृदय कमजोर झालं होतं. त्यामुळे ‘आमचं मांजर दहा वर्षं दूधभातावर आहे, काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. शिवाय वाडीतलं मांजर दूधभातावर नसतंच. ते रात्री मागीलदारी उंदीर मारतं, माडाच्या बुंध्याशी सरडा पकडतं, जेटीवर मासळीची डोकी पळवतं, आणि दूधभात वरून खातं. प्रश्न आहे तो रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमध्ये जाळी लावून ठेवलेल्या, कधी बाहेर न जाणाऱ्या मांजराचा. त्याला ताटलीत येईल तेवढंच मिळतं. गाईच्या दुधात टॉरीन नावापुरतं, भातात आणि डाळीत नाही. वर मोठ्या मांजराला दुधातली साखर धड पचत नाही, जुलाब होतात.

आता स्वयंपाकघरात येऊ. टॉरीन उष्णतेने सहसा मरत नाही, पाण्यात पळून जातं. मोकळा, लहान आणि पाण्यात सहज विरघळणारा रेणू, त्यामुळे मासा भरपूर पाण्यात उकळून पाणी मोरीत ओतलं की टॉरीनचा मोठा वाटा मोरीत गेला. आपल्याकडे सर्रास दिसणारा दुसरा प्रकार म्हणजे आमटीतली तुकडी नळाखाली धुऊन मांजरापुढे टाकणं. तिखट जातं, टॉरीनही जातं, आणि मुरलेला कांदा-लसणीचा अर्क मात्र तसाच राहतो. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा ही तुकडी कुठल्याच बाजूने फायद्याची नाही.

नीट रीत अशी. मासा आधी धुवावा, मग कापावा; कापलेले तुकडे पाण्यात भिजत ठेवू नयेत. मीठ-मसाला न घालता, पाणीही न घालता, झाकणाच्या डब्यात घालून कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात वाफवावेत. डब्याच्या तळाशी जो राखाडी, किंचित चिकट रस सुटतो, तोच खरा माल. तो चमचाभर भातात कालवून द्यावा. बर्फातला मासा असेल तर तो वितळताना सुटणारं पाणीही त्याच डब्यात जाऊ द्यावं. काटे काढून टाकावेत. शिजलेला काटा ठिसूळ होतो आणि घशात रुततो.

सगळे मासे सारखे नसतात. बांगडा सोलला की कातडीखाली बगलेने जाणारा तपकिरी-लाल पट्टा दिसतो. माणसं तो उग्र म्हणून बाजूला सारतात. सतत पोहणाऱ्या माशाचा तो दमदार स्नायू, आणि पांढऱ्या मांसापेक्षा टॉरीन त्यात कितीतरी जास्त. कोंबडीतही तसंच: छातीच्या पांढऱ्या मांसात थोडं, तंगडीत आणि काळजात भरपूर. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, माकूल यांतही चांगलं. तिसऱ्या उघडताना सुटणारं पाणी मात्र खारट असतं, ते मांजराला देऊ नये.

मग कच्चाच मासा का देऊ नये? काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ‘ब१’ जीवनसत्त्व तोडतं. कच्च्या मासळीवर ठेवलेलं मांजर काही आठवड्यांत डोलू लागतं, मान छातीकडे झुकते, झटके येतात. वाफेने थायमिनेज निकामी होतं. तारलीसारख्या तेलकट माशावरच ठेवलं तर ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजर हात लावू देत नाही. म्हणून मासा रोज चालेल, फक्त मासा चालणार नाही.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि मागोमाग श्रावण. दोन-तीन महिन्यांत धडधाकट मांजराचं हृदय सैल पडत नाही. लक्षणं दिसायला बरेच महिने, कधी वर्षं लागतात. गाभण मांजरीची गोष्ट वेगळी. तिचे दिवस साधारण नऊ आठवडे, म्हणजे बंदी आणि श्रावण मिळून होणाऱ्या काळात अख्खे बसतात. टॉरीन कमी पडलं तर गर्भ जिरतात, पडतात, किंवा पिल्लं खुरटी निपजतात. या दिवसांत सुके बोंबील कामी येतात, कारण ते बहुधा मिठाशिवाय वाळवलेले असतात आणि वाळवताना पाणीच उडतं, टॉरीन राहतं. खारा बांगडा नको. मिठात पाणी सुटतं तेव्हा टॉरीन त्याबरोबर निथळतं, उरलेलं मीठ काढायला भिजवलं की आणखी जातं, आणि हृदय आधीच कमजोर असलेल्या मांजराला ते मीठ फुप्फुसात पाणी साठवायला पुरेसं होतं.

मांजर आजार लपवतं. हृदय बिघडलं तरी सहसा खोकत नाही, धापा फार उशिरा टाकतं. घरबसल्या करता येण्यासारखी सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे गाढ झोपेतले श्वास मोजणं. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर राहिलं तर डॉक्टर गाठावा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर मोजत बसू नये.

आणखी एक लक्षण आहे, ज्यावर आपल्याकडे भलतेच उपाय चालतात. कालपर्यंत उड्या मारणारं मांजर अचानक किंचाळतं आणि मागचे दोन्ही पाय ओढत सरपटू लागतं. कोणी म्हणतं जनावर (साप) चावलं, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. मग दृष्ट, अंगारा, गाऱ्हाणं. पाय हाताने चाचपून बघावेत. थंडगार असतील, पंजाच्या गाद्या फिकट किंवा निळसर असतील, तर ती रक्ताची गुठळी आहे. सुजलेल्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गोठतं, गुठळी सुटते आणि कंबरेशी मुख्य धमनी जिथे दोन पायांत विभागते तिथे अडकते. वेदना भयंकर असतात. देवाचं काय ते नंतर करा, आधी दवाखाना. वाटेत घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. मांजराला ती विष आहे.

इतकं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की आज मांजरात सर्वाधिक दिसणारा हृदयरोग टॉरीनचा नाही. तो ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’, ज्यात भिंत उलट जाड होते. मेन कून जातीत त्याचा एक जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला. या आजारात टॉरीन कितीही चारलं तरी उपयोग नाही. पातळ भिंत की जाड, हे स्टेथोस्कोप सांगत नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतं. ती सोय प्रत्येक तालुक्यात नसते, मोठ्या शहरात जावं लागतं.

कुत्रा टॉरीन स्वतः बनवतो, आणि लहान जातींच्या कुत्र्यांत हृदयरोग म्हणजे बहुतेकदा डाव्या झडपेची झीज. तरी ‘धान्यविरहित’ महागड्या खाद्याची हवा झाली, त्यात तांदळाऐवजी वाटाणा-मसूर भरले गेले, आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांतल्या हृदयरोगाबद्दल सावध केलं. कार्यकारणभाव पुढे सिद्ध झाला नाही. पण भात-बांगडा खाणाऱ्या आपल्या गावठी कुत्र्याला धान्य वाईट म्हणून त्या पिशवीसाठी पैसे मोजायचं कारणही कुणी दाखवलेलं नाही.

पुन्हा मांजराकडे. त्याच्या इकोत डावा कप्पा फुगलेला आणि ढिला दिसला, तर टॉरीनसाठी रक्त घेतात. नमुना गोठू द्यायचा नसतो, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींत टॉरीन ठासून भरलेलं असतं. त्या फुटल्या की कमी असलेला आकडा चांगला दिसतो. अहवालाची वाट न बघता डॉक्टर सहसा टॉरीन सुरू करतात, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अन्नात मिसळून. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. पूड निव्वळ टॉरीनची हवी. व्यायामशाळेतल्या मिश्रणांत कॅफिन असतं. मांजर दोन-तीन आठवड्यांत खायला-फिरायला लागतं, तरी फुप्फुसातलं पाणी काढणारी औषधं तेव्हा बंद करायची नसतात. इकोत स्नायू पुरता सावरलेला दिसायला तीन-चार महिनेही लागतात, आणि औषधं कमी करायची ती त्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर. दृष्टिपटलाचा झिजलेला भाग परत येत नाही.